नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी ‘पेशंट’ कसा तयार करावा

पुतळ्यावर इंजेक्शन शिकता येतं, घाबरलेल्या माणसाशी बोलणं नाही. त्यासाठी पेशंटची भूमिका करणारं माणूसच हवं. अमेरिकेत न्यूरोलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये ही पद्धत सुरू केली.

सांगली ही नाट्यपंढरी, त्यामुळं हौशी कलाकार मिळतात. पण रडून टाळ्या घेणारा नको. प्रत्येक विद्यार्थ्याला तेच उत्तर देणारा निवडा.

भूमिका कागदावर लिहून द्या: पहिलं वाक्य, आपणहून सांगायचं ते आणि नेमकं विचारलं तरच सांगायचं ते. समजा, हळदीच्या वखारीत काम करणारी मावशी आहे. ‘पायाची जखम भरंना,’ एवढंच ती म्हणेल. ‘गोळ्या घेता ना?’ विचारलं तर ‘घेते की,’ म्हणून मान खाली. ‘मावशी, शुगरची गोळी कधी चुकते का?’ असं मायेनं विचारलं तरच महिनाभर बंद असल्याचं सांगेल. त्या खाली घातलेल्या मानेचीसुद्धा मी तालीम घेते.

सुई, सलाइन पुतळ्यावरच. थांबायची खूण आधी ठरवा.

शेवटच्या चर्चेला प्रसंगापेक्षा जास्त वेळ ठेवा. भूमिकेतून बाहेर येऊन मावशीनं सांगावं, ‘तू न बघता लिहीत होतीस, म्हणून मी बोलले नाही.’ आम्हा शिक्षकांच्या तोंडून हे तितकं लागत नाही.