आपल्याच प्रोग्रॅमच्या आत एचटीटीपी सर्व्हर चालवताना

दुकानाच्या बिलिंगचा प्रोग्रॅम पायथॉन आणि टीके-इंटरमध्ये (पायथॉनमधून खिडक्या दाखवणाऱ्या लायब्ररीत) लिहिलेला आहे आणि त्यातला शिल्लक साठा त्याच संगणकावरच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला हवा आहे, एवढ्यासाठी वेगळा वेब सर्व्हर बसवण्याची गरज नसते. पायथॉनसोबतच येणाऱ्या 'एचटीटीपी-डॉट-सर्व्हर' या मॉड्यूलमधला 'थ्रेडिंग-एचटीटीपी-सर्व्हर' हा क्लास 3.7 आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि एवढे काम तो सहज करतो. मात्र प्रॉडक्शनसाठी हे मॉड्यूल वापरू नये, असे पायथॉनचे अधिकृत डॉक्युमेंटेशनच सांगते; तेव्हा पत्ता 127.0.0.1 असाच द्यावा, म्हणजे बाहेरच्या यंत्रांना सर्व्हरपर्यंत पोहोचता येणार नाही.

सर्व्हरचा ऑब्जेक्ट मुख्य थ्रेडमध्ये (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) तयार करावा, कारण पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्यावर विनंत्या ऐकतो तो क्रमांक, ताब्यात घेण्याचे काम कन्स्ट्रक्टरमध्येच होते आणि पोर्ट मोकळा नसेल तर एरर तिथेच पकडून वापरकर्त्याला नीट सांगता येते. विंडोजवर मात्र एक खोच आहे. या क्लासमध्ये 'अलाऊ-रीयूज-अ‍ॅड्रेस' (तोच पत्ता पुन्हा वापरू देणारी सोय) मुळातच चालू असल्यामुळे प्रोग्रॅम चुकून दोनदा उघडला, तर दोन्ही प्रती एकाच पोर्टवर निमूटपणे बसतात आणि उत्तर कोणती देईल याचा नेम राहत नाही. म्हणून सबक्लास करून ती सोय बंद करावी.

'सर्व्ह-फॉरेव्हर' ही मेथड परत येत नाही, त्यामुळे ती वेगळ्या थ्रेडमध्ये चालवावी लागते. खरी शिस्त इथून पुढे लागते. हँडलरमधून, म्हणजे प्रत्येक विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमधून, खिडकीतल्या कोणत्याही घटकाला हात लावू नये. संदेश 'क्यू'मध्ये (रांगेत) टाकावा आणि मुख्य थ्रेडने टीके-इंटरची 'आफ्टर' मेथड वापरून तो ठरावीक वेळाने उचलावा. साठा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमध्ये राहणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये) असेल, तर त्याचे कनेक्शनही ज्या थ्रेडमध्ये उघडले त्याच थ्रेडमध्ये वापरता येते, म्हणून ते प्रत्येक विनंतीच्या वेळी हँडलरमध्येच उघडून बंद करणे सोपे पडते.

टर्मिनलमधून उत्तम चालणारा सर्व्हर 'पायथॉन-डब्ल्यू'ने (विंडोजवर कन्सोलशिवाय चालणाऱ्या पायथॉनने) उघडल्यावर एकाही विनंतीला उत्तर देत नसेल, तर नेटवर्कवर संशय घेण्याआधी 'लॉग-मेसेज' पाहावे. ही मेथड एरर-स्ट्रीमवर लिहिते, कन्सोल नसताना ती स्ट्रीम 'नन' असते, आणि हेडर पाठवण्यापूर्वीच हँडलर कोसळतो. ही मेथड ओव्हरराइड करून नोंद फाइलमध्ये वळवली की प्रश्न सुटतो.

बंद करताना खिडकीच्या बंद होण्याच्या इव्हेंटवर मुख्य थ्रेडमधून आधी 'शटडाउन' आणि मग 'सर्व्हर-क्लोज' बोलवावे. 'सर्व्ह-फॉरेव्हर' ज्या थ्रेडमध्ये चालू आहे त्याच थ्रेडमधून 'शटडाउन' बोलावल्यास दोघे एकमेकांची वाट पाहत अडकतात. या क्लासमधले विनंतीचे थ्रेड डीमन असतात, म्हणजे प्रोग्रॅम संपताना ते अर्ध्यावर तुटतात. साठा नुसता वाचायचा असेल तर हे चालते, पण हँडलर काही लिहीत असेल तर 'डीमन-थ्रेड्स' बंद ठेवावे, म्हणजे 'सर्व्हर-क्लोज' चालू विनंत्या पूर्ण होईपर्यंत थांबते. अशा वेळी हँडलरने मुख्य थ्रेडच्या उत्तरासाठी थांबू नये, आणि थांबणे अपरिहार्यच असेल तर टाइमआउट जरूर द्यावा.