कोकम सिरप, लिंबू सरबत आणि पाणी: घनतेचा वर्गप्रयोग

दादर-गिरगावच्या दुकानांत सहज मिळणारे कोकमाचे गोड सिरप, लिंबू सरबत, साधे पाणी आणि स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा एवढ्या साहित्यावर घनतेचा प्रयोग वर्गात करता येतो. रिकाम्या पेल्याचे वजन नोंदवून त्यात मोजपात्राने 100 मिलिलिटर सिरप घ्यावे, पुन्हा वजन करावे आणि दोन वजनांतील फरकाला 100 ने भागावे. मिळालेली संख्या म्हणजे ग्रॅम प्रति मिलिलिटरमधील घनता होय. सरबत आणि पाणी यांचीही घनता अशीच काढावी. पाण्याचे उत्तर 1 च्या जवळ येते. सिरपचे त्याहून स्पष्टपणे अधिक येते, कारण विरघळलेली साखर द्रावणाचे वस्तुमान जितके वाढवते तितके त्याचे आकारमान वाढवत नाही.

जास्त घनतेचा द्रव खाली राहतो; तेव्हा तिन्ही द्रव एकाच पेल्यात ओतल्यास त्यांचे थर कोणत्या क्रमाने बसतील, हे विद्यार्थ्यांनी या आकड्यांवरून आधीच वहीत लिहावे; अंदाजाविना केलेला प्रयोग नुसती करमणूक ठरते. उंच, अरुंद पेल्यात प्रथम सिरप ओतावे. नंतर चमचा उलटा धरून त्याची कड पेल्याच्या आतील बाजूस टेकवावी आणि त्याच्या पाठीवरून सरबत अगदी बारीक धारेने सोडावे, कारण वेगाने पडलेला द्रव खालच्या थरात घुसून मिसळतो. शेवटी पाणी तसेच सोडावे. सोडा मात्र वापरू नये, त्याचे बुडबुडे थर ढवळतात. पेला बराच वेळ ठेवल्यास विसरणामुळे, म्हणजे द्रवांचे कण आपोआप एकमेकांत पसरल्याने, सीमारेषा पुसट होत जातात, म्हणून निरीक्षणे लगेच नोंदवावीत. प्रयोगशाळेतील भांडी वापरली असल्यास सरबत पिऊ देऊ नये.