दाजी, प्लॅन नंतर, आधी रानात खड्डा घ्या

दाजी, परवा तुम्ही व्हॉट्सॲपवर प्लॅन पाठवलात, पुढं सगळी काच बिच, लई भारी दिसतंय, ताईला पण आवडलं म्हणे. पण खरं सांगू का, एलिव्हेशन, म्हणजे घराचा पुढचा देखावा, हे सगळ्यात शेवटचं काम आहे ओ. मी रानातल्या घरात हात पोळून घेतलाय म्हणून सांगायलोय, आणि फोनवर सांगितलेलं तुमच्या डोक्यात राहत नाही, म्हणून लिहूनच देतो. तुमचं रान मोहोळ साईडला, काळं, सीना जवळ, त्यामुळं पुण्याच्या आर्किटेक्टचं सगळंच इथं चालंल असं नाही.

घाई करू नका, एक उन्हाळा आणि एक पावसाळा नुसती जागा बघा, दिवाळी झाली की पाया काढा. आता उन्हाळ्यात काय बघायचं, तर मे महिन्यात रान भेगाळलेलं असतं तेव्हा जिथं घर घ्यायचंय तिथं दोन कोपऱ्यांत जेसीबीनं खड्डे घ्यायचे आणि मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट थर, किती फुटावर लागतो ते स्वतः आत उतरून बघायचं, वरनं नाही. काळी माती पाणी पिली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगेत मनगटापर्यंत हात जातो, आणि तिच्यावर भिंत उभी केली की भिंत पण तिच्याबरोबर हलते. आमच्या मिस्त्रीनं चार फुटावर "लागला मुरूम मालक" म्हणून खोदाई थांबवली, मी पण खूश, पैसे वाचले म्हणून. तो मुरूम नव्हताच, खड्यांची माती होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर किचनच्या खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी भेग निघाली ती आजतागायत आहे, दर दिवाळीला मी पुट्टी भरतो आणि मे आला की ती परत उघडते, बायको म्हणते आता तिला नाव ठेवा.

म्हणून पाया पक्क्या मुरमातच. आतली काळी माती उपसून बाहेर, तिथं मुरमाची भरणी, एकदम डंपर ओतून नाही तर थराथरानं पाणी मारून धुमसून, आणि वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या लेव्हलचा काँक्रीटचा पट्टा, चारी बाजूनं बांधून घ्यायचा. दहा-बारा फुटापर्यंत मुरूम लागलाच नाही तर अंडर-रीम पाइल म्हणून प्रकार असतो, रुडकीच्या सीबीआरआय ह्या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी विकसित केलेला, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब, पण ते मिस्त्रीच्या अंदाजानं होत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरच पाहिजे. त्याच्या फीमध्ये कंजुषी करू नका, टाइल्समध्ये करा. घराच्या चौफेर तीन-चार फूट रुंद फरशी, उतार बाहेर, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. आणि ताईला तो कडुलिंब अगदी पडवीला लागून पाहिजे असेल तर समजावा, झाडाची मुळं पाणी ओढतात, माती तिथंच जास्त आकसते.

इंजिनिअरला भूकंपाचं पण विचाराच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ताईला आठवत असंल, किल्लारी काय इथनं लांब नाही. तिथं दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं, तेच झोपलेल्या माणसांवर आलं. आजोबांच्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या छताचा, गारवा मलाही पाहिजे होता ओ, पण त्याचं वजन नको. लिंटेलच्या लेव्हलला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या लगेच वर, सगळ्या भिंतींवरनं काँक्रीटचा पट्टा फिरवून घ्या, खर्च फार नाही.

मग पावसाळा. एक मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन रानात जायचं, पाणी कुठं थांबतंय, कुठनं वाहतंय बघायचं, फोटो काढून ठेवायचे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्या मंडळींना विचारा, ती बरोबर बांध दाखवतात. प्लिंथची उंची त्यावरनं ठरवा, प्लॅनवर दोन फूट लिहिलंय म्हणून दोन फूट नाही. त्याच फेरीत रस्ता पण कळतो. पाणंदीतनं जूनमध्ये तुमची बुलेट जात नाही तर खडीचा हायवा कुठला येतोय, फसला की ट्रॅक्टरवाला ओढायचे पैसे वेगळे घेतो. रस्ता नकाशावर आहे का बघा, नसला आणि बांधावरनं वाट मिळवायची वेळ आली तर तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली अर्ज करता येतो, पण त्याच्या आधी भावकीत बसून चहा पिऊन मिटलं तर लई बरं.

कागदांचं थोडक्यात. सातबारा, आठ-अ, फेरफार काढा, गट सामाईक असेल तर आधी वाटप, मग मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. जागा गावठाणापासून किती लांब आहे ते बघा, आणि बिगरशेतीचा आताचा नियम काय आहे ते तहसीलमध्ये विचारून घ्या. आणि लोन काढणार असाल तर पाया काढायच्या आधी बँकेत जा, शेतजमिनीवरच्या घराला होम लोन म्हणलं की साहेब लोक मान हलवतात, अर्धं बांधून झाल्यावर हे कळलं तर काय करणार.

लाईटचं मात्र नीट ऐका, इथंच मी दुसऱ्यांदा फसलो. रानात खांब दिसला म्हणून मी निवांत होतो, पण तो शेतीच्या फिडरचा, म्हणजे मोटारींच्या वेगळ्या लाईनचा, निघाला, म्हणजे मोटारीच्या टायमिंगला लाईट, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाहुणे आले की मेणबत्ती! घराला गावठाणाच्या फिडरवरनं लाईन पाहिजे, ती किती खांब लांब आहे ते मोजा आणि त्याचं एस्टिमेट महावितरणकडनं आधीच घ्या. सोलर बसवणारच असाल तर पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, पण ती घरगुती कनेक्शनवर, म्हणजे परत लाईनचाच प्रश्न आला.

पाण्याचं म्हणाल तर बोअर बांधकामाआधी, नंतर नाही. पाणी खारं लागलं तर काँक्रीटला वापरू नका, सळई आतनं गंजते, बाटली भरून लॅबला देऊन टाका. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीटवर रोज पाणी मारायला, किती पाणी लागतं ह्याचा अंदाज शहरात येत नाही, टँकरचा हिशोब धरूनच बजेट करा. आणि गच्चीचं पाणी सोडू नका, १००० चौरस फूट गच्चीवर वर्षात ५०० मिमी पाऊस पडला तरी ४६,००० लिटर होतं, थोडं वाया गेलं तरी पस्तीस-चाळीस हजार कुठं गेलं नाही, त्या मापानं हौद काढा. संडासचा शोषखड्डा काळ्या मातीत घेतला तर शोषत बिषत काही नाही, भरून वर येतो, तो पण मुरमापर्यंत न्यायचा, आणि बोअरपासनं लांब.

आता ती काच. तुमच्या प्लॅनमध्ये हॉलची सगळी काच पश्चिमेला आहे, सूर्यास्त दिसायला म्हणे. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला असतो ओ दाजी, दुपारी तीन ते सहा त्या हॉलमध्ये भाकरी भाजून निघंल. पश्चिमेला जिना, बाथरूम, धान्याची खोली टाका, बसायचं पूर्वेला-उत्तरेला, पुढं चांगली आठ फुटाची पडवी, खाली शहाबादी फरशी, ती कलबुर्गीकडनंच येते त्यामुळं इथं स्वस्त पडते आणि पायाला गार लागते. गच्चीवर दर उन्हाळ्यात पांढरा चुना. माळवदाला असायचं तसं साणं, म्हणजे छतातलं झरोक्याचं भोक, आर्किटेक्टला दाखवा, वरनं उजेड येतो आणि गरम हवा बाहेर जाते, त्याला कदाचित नवीन वाटंल.

मटेरियलमध्ये मी जास्त बोलत नाही, वाळू ऐवजी क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, आता सगळेच वापरतात, ब्रास (गाडीतल्या मालाचं माप) मोजताना फक्त स्वतः उभे राहा. स्लॅब शक्यतो थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, पण सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात तारीख धरू नका, निम्मे गडी गायब असतात. उन्हाळ्यात गेलाच स्लॅब तर पहाटे सुरू करायचा, वर मातीची आळी करून १४ दिवस पाणी साठवायचं, आणि सेंट्रिंगवाला दुसऱ्या साईटला प्लेटा पाहिजेत म्हणून घाई करंल, इंजिनिअर हो म्हणल्याशिवाय एक टेकू काढू द्यायचा नाही. मजुरीचा रेट, हप्ते कधी, पाणी-लाईट कुणाचं, सगळं साध्या कागदावर लिहून सही घ्या. पावण्यातला मिस्त्री असला तर दोन सह्या घ्या.

ह्या रविवारी मी येतो, जेसीबीवाल्याला सकाळी सातचं सांगून ठेवलंय, ऊन चढायच्या आत दोन्ही खड्डे उरकू. टेप आणि एक टिकाव तेवढा काढून ठेवा, आणि ताईला म्हणावं कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुरे, जेवणाचा घाट घालू नको.