वन अनुदानाचा प्रस्ताव का अडकतो? चांदोली-कोयनेच्या काठच्या गावांनो, या चुका टाळा

शिराळा आणि पाटण तालुक्यांतल्या गावांना वनखात्याकडे पाठवायचे प्रस्ताव लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो. परत आलेल्या प्रस्तावांचा गठ्ठा कपाटात साठलाय. परवा कपाट आवरताना तो पुन्हा चाळला, तर निधी नाही म्हणून परत आलेले त्यात मोजकेच निघाले. बाकीच्यांत गावानं आधी योजना धरली होती आणि मग तिच्यात बसेल अशी जागा शोधली होती. गाडं अडतं ते तिथंच.

हद्द न बघता केलेली मागणी

एका गावानं ओढ्यावर सिमेंट बंधारा मागितला होता. ग्रामसभेचा ठराव होता, अंदाजपत्रक टापटीप होतं, फोटोही होते. पण जागा हद्दीच्या दगडाच्या पलीकडे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानात. अर्ज पहिल्याच टेबलावरून परत आला आणि गाव म्हणालं, "वनखातं आडमुठं आहे."

इथं कायदा सरळ आहे. 317.67 चौरस किलोमीटरचं चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि जानेवारी 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. उद्यानाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 35 लागू आहे. त्याप्रमाणे आतल्या ओढ्याचं पाणी अडवायला किंवा वळवायलासुद्धा परवानगी लागते, आणि ती वन्यजीवांच्या भल्यासाठी असेल तरच मिळते. गावाची विहीर भरावी हे कारण त्यात बसत नाही. चराईचंही तसंच. अभयारण्यात नियंत्रित चराईला कायद्यात थोडी वाट आहे, उद्यानात अजिबात नाही. त्यामुळं "उद्यानालगत चराई विकास" असं शीर्षक देताना हद्दीची रेघ नेमकी कुठून जाते हे आधी बघा.

दुसरा घोळ पैशाच्या वाटेचा. उद्यानाच्या आतल्या संरक्षणासाठी येणारा पैसा, म्हणजे केंद्राच्या व्याघ्र प्रकल्प योजनेतला, त्यातला राज्याचा हिस्सा, शिवाय कॅम्पाचा (जंगलाची जमीन इतर कामाला दिल्याच्या बदल्यात जमा होणारा) निधी, हा वनखात्याच्या वार्षिक आराखड्यातून खर्च होतो. गस्तीच्या वाटा, संरक्षण कुट्या, जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा), वायरलेस ही सगळी कामं त्यातली. ग्रामपंचायतीनं त्यासाठी अर्ज करायचा नसतोच. फार तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी, आणि ती आराखडा तयार होत असताना द्यावी. तो मंजूर झाल्यावर देऊन उपयोग नाही.

गावासाठीचं दार वेगळं आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना राज्यानं 2015 मध्ये आणली ती व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या) आणि उद्यान-अभयारण्यांच्या सीमेपासून दोन किलोमीटरच्या आतल्या गावांसाठी. जंगलावरचा भार कमी करणारी कामं तिच्यात बसतात: गॅस, सौर कुंपण, मृद-जलसंधारण, रोजगाराचं प्रशिक्षण. काम ग्राम परिस्थितीकीय विकास समितीमार्फत होतं. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे "ईडीसी" म्हणतात, पण अर्जावर मात्र पूर्ण नाव लिहा.

मग करायचं काय? सातबारा, गावनकाशा आणि वनखात्याचा कंपार्टमेंट नंबर (जंगलाच्या तुकड्याचा क्रमांक) ही तिन्ही कागदं एका टेबलावर मांडा आणि त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला घेऊन जागेवर जा. फोनवरच्या नकाशात सगळंच हिरवं दिसतं, त्यावर विसंबू नका. या एका फेरीत अर्धा दिवस जातो, पण पुढं वर्ष वाचतं.

दुसरीकडचा आराखडा उचलणं

ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते. एकदा शिराळ्याकडच्या एका गावाचा सूक्ष्म आराखडा, म्हणजे गावातल्या कामांची तपशीलवार योजना, हातात आला. रोपांच्या यादीत मोह, तेंदू, सागवान! वाचता वाचता लक्षात आलं की अख्खा आराखडा विदर्भातल्या कुठल्यातरी गावाचा आहे. एके ठिकाणी तर गावाचं नाव बदलायचंही राहून गेलं होतं.

ताडोब्याचं जंगल कोरडं, उन्हाळ्यात पाण्यासाठी तडफडणारं. तिथं बोअर, सौरपंप आणि कृत्रिम पाणवठे यांना अर्थ आहे. चांदोली-कोयनेच्या घळींत बारमाही झरे आहेत आणि शिवसागर, वसंतसागर हे दोन जलाशय आहेत. इथं सिमेंटचा पाणवठा मागितला तर तांत्रिक छाननीत पहिला प्रश्न येतो, "उन्हाळ्यात जवळचं पाणी किती अंतरावर?" त्याचं उत्तर तुमच्याकडं नसतं. फार लांब जायला नको, आपल्या सांगली जिल्ह्यातच सागरेश्वर बघा. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं उघड्या डोंगरावर उभं राहिलेलं ते अभयारण्य, पाऊस बेताचा. तिथं पाणवठा जनावराचा जीव वाचवतो. जिल्हा एकच, पण सागरेश्वरचा आराखडा चांदोलीच्या काठच्या मणदूरला चालत नाही.

सड्यांचं तर बोलायलाच नको. आमच्याकडं डोंगरमाथ्यावर जांभ्याचा सपाट सडा असतो. उन्हाळ्यात तो काळाठिक्कर आणि बोडका दिसतो, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं पडीक जमीन आहे, झाडं लावू. एका सड्यावर मी असे खड्डे पाहिलेत. पहारीनं खोदायला घेतले, वीतभर खाली गेले आणि कातळ लागला. मग खालून गाढवांवरून माती आणून भरली. पहिल्याच आषाढात माती वाहून गेली, रोपं कुजली, आणि खड्ड्यांभोवती जिथं गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही रानफुलं उगवायची तिथं रानमोडीचं तण माजलं. कासचं पठार ज्यामुळं 2012 साली जागतिक वारसास्थळांत गेलं तीच ही जमीन, फक्त तिकीट खिडकी नसलेली. सड्यावर काही मागायचंच असेल तर वणवा रोखायला, गाड्या वर चढू नयेत म्हणून दगडी अडथळ्यांना किंवा रानमोडी-घाणेरी उपटायला मागा. उपटायलाही दोन-तीन वर्षांचं काम लिहा, एका वर्षात ती पुन्हा फुटते.

पाऊस आणि मार्च यांच्या मधे सापडणं

सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं. आमच्याकडचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो आणि घाटमाथ्याच्या काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे कामाचे खरे महिने नोव्हेंबर ते मे, त्यातलेही एप्रिल-मे नव्या आर्थिक वर्षातले. हे गणित न मांडता केलेला प्रस्ताव मंजूर झाला तरी वाया जातो.

जाळरेषेचं घ्या. वणव्याचा हंगाम वनखातं 15 फेब्रुवारीपासून धरतं. त्याच्या आधी गवत कापून, पट्टा जाळून मोकळा व्हायला हवा. तुमची मागणी डिसेंबरात गेली, मंजुरी फेब्रुवारीच्या शेवटी आली, मार्चमध्ये मजूर लावले, तर जाळायला गेलेल्या पट्ट्यातूनच वणवा लागायची भीती. रोपवनाचंही असंच. खड्डे मेअखेर तयार हवेत, रोपं जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाला. खड्ड्यांचा आणि लागवडीचा खर्च एकाच वर्षात दाखवला की मार्चमध्ये घोटाळा होतो: पैसे खर्ची पडलेले आणि झाड एकही नाही. दोन वर्षांत विभागून दाखवा, त्यापुढं राखणीचा खर्च वेगळा धरा. तो बहुतेक जण विसरतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात रोपवन शेळ्यांच्या पोटात जातं.

फोटोंचीही गंमत असते. बिल मार्चचं आणि फोटोतलं गवत कमरेएवढं हिरवं! तपासणीला आलेला माणूस इथलाच असतो, त्याला कळतं. कामाआधी, काम चालू असताना आणि नंतर, एकाच जागी उभं राहून फोटो काढा, त्यावर तारीख आणि अक्षांश-रेखांश असू द्या.

कुंपण मिळालं, पण झटका बसत नाही

सौर कुंपणाचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर वैयक्तिक शेतकऱ्यानं करायचा. मूळ शासन निर्णयात अनुदान किमतीच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांपैकी कमी असेल तेवढं होतं. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघून घ्या. इथवर लोक पोचतात. रड सुरू होते ती पुढं: "गवा तारेवरून सरळ आत आला."

अशा बहुतेक ठिकाणी तारेत झटका सोडणारं मशीन चांगलं निघतं. पहिला दोष गवताचा. श्रावणात गवत खालच्या तारेला टेकतं आणि सगळा झटका जमिनीत जातो. तारेखालचा हातभर पट्टा पंधरवड्याला साफ ठेवावा लागतो. दुसरा दोष अर्थिंगचा. जांभ्याच्या रानात एक सळई ठोकून भागत नाही. ओल असलेली जागा शोधून दोन-तीन सळया अंतरावर ठोका, एकमेकींना जोडा आणि उन्हाळ्यात तिथं पाणी ओता. तिसरा, पॅनेलवर फांदीची सावली. दिवसा बॅटरी भरत नाही आणि पहाटे तीनला मशीन गप्प होतं. गव्यांची यायची वेळही तीच.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. मशीन बंद पडलं म्हणून घरच्या लाइटची वायर तारेला जोडायची. हा गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत, बहुतेकदा त्याच घरातली.

गव्यानं पीक खाल्लं तर मिळते ती नुकसानभरपाई, तिचा अनुदानाशी संबंध नाही. तिचा अर्ज वेगळा आणि मुदत कडक, पिकाला तीन दिवसांची. मेलेलं जनावर असेल तर ते जागचं हलवू नका आणि 48 तासांत कळवा.

कागदांतल्या लहान चुका

ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातली जी कमी ती. तेवढी माणसं नसतील तर सभा रीतसर तहकूब करा, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. घरोघरी वही फिरवून सह्या घेऊ नका. एकाच पेनानं, एकाच अक्षरवळणात झालेल्या ऐंशी सह्या मी पाहिल्या आहेत, आणि छाननी करणाऱ्यानंही पाहिल्या.

समितीचं खातं योजनेपुरतं स्वतंत्र ठेवा. त्यावर पडलेलं व्याज हिशेबात दाखवा, ते गणपतीच्या वर्गणीत जमा होत नाही. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेलं नसेल तर पुढचा येत नाही, मग कुणाचीही ओळख असू दे. दरपत्रकं तीन आणा, पण तिन्ही एकाच छापखान्यातली नकोत.

गॅसजोडणीचे लाभार्थी यादीत दाखवले की काम झालं असं समजू नका. रिफिलची गाडी वाडीपर्यंत येते का, हे आधी विचारा. येत नसेल तर दुसरा सिलिंडर कोपऱ्यात उभा राहतो आणि चुलीत पुन्हा जंगलातलंच लाकूड.

त्या बंधाऱ्याच्या गावाचं नंतर काय झालं ते सांगतो. वनरक्षकाबरोबर फिरताना ओढ्याच्या खालच्या अंगाला, हद्दीबाहेर गायरानात, चांगली अरुंद जागा सापडली. सिमेंट सोडून अनगड दगडांचे सात छोटे बांध मागितले. खर्च पहिल्या अंदाजपत्रकाच्या पावही नव्हता आणि मंजुरी त्याच वर्षी आली. पहिल्या पावसात दोन वाहून गेले. उरलेल्या पाचांमागं गाळ धरलाय आणि खालच्या विहिरीला यंदा एप्रिलपर्यंत पाणी होतं. वाहून गेलेले दोन पुन्हा रचायचं काम दिवाळीनंतर धरलंय, त्याचा ठराव येत्या ग्रामसभेत आहे.