युरोपातला खेळाडू आपल्या संघात येणार? मग या चुका टाळा

दर वर्षी जून आला, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) आला, की त्या लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज संघाच्या आम्हा चाहत्यांमध्ये एकच विषय पेटतो. युरोपातला अमुक मुलगा आपल्याकडे येणार का, आणि आला तर चालेल का? मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी 2013 मध्ये हा संघ घेतला, तेव्हापासून माझ्यासारखे काही मराठी लोक या संघाच्या नादी लागले. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज आणि पेसर्स हे एनबीए संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळून गेले, तेव्हा तो नाद आणखी पक्का झाला. चर्चा व्हायलाच हवी, ती मलाही आवडते. पण इतक्या वर्षांत माणसं बदलली, खेळाडू बदलले, चुका मात्र त्याच राहिल्यात. त्यातल्या दोन तर मला आता सहनच होत नाहीत, म्हणून आधी त्या.

सरासरी बघायची आणि भूमिका विसरायची

साशा वेझेंकोव्हचं प्रकरण आठवा. 2022-23 च्या हंगामात हा युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). ग्रीसच्या ओलिंपियाकोससाठी सामन्यामागे सतराच्या वर गुण. कौनासच्या फायनलमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्याने एकट्याने 29 गुण केले. सेर्हिओ युलने शेवटच्या क्षणी टाकलेल्या बास्केटमुळे ओलिंपियाकोस 79-78 असा एका गुणाने हरला, पण त्या रात्री मैदानावरचा सगळ्यात भारी खेळाडू कोण होता याबद्दल शंका नव्हती. त्याला एनबीएत खेळवण्याचे हक्क आदल्या वर्षीपासूनच किंग्जकडे होते. उन्हाळ्यात तो येणार हे नक्की झालं आणि आमच्याकडे लोकांनी त्याला थेट पहिल्या पाचांत बसवलं. हॅरिसन बार्न्सला काढा, कीगन मरेला बेंचवर बसवा, इथपर्यंत मजल गेली. "एमव्हीपी आहे, आणखी काय पाहिजे?"

मी एकच विचारलं: याच्यापर्यंत बॉल पोचवतं कोण? उत्तर आलं नाही, कारण बहुतेकांनी यूट्यूबवरच्या क्लिप बघितल्या होत्या. क्लिप सुरू होते तेव्हा बॉल त्याच्या हातात आलेला असतो. खरा वेझेंकोव्ह त्याच्या आधीच्या आठ-दहा सेकंदांत दिसतो. तो कोपऱ्यात उभा असतो. समोरचा डिफेंडर बॉलकडे मान वळवतो, त्याच क्षणी हा बेसलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेच्या, कडेने आत घुसतो. स्लुकास किंवा वॉकप या बॉल हाताळणाऱ्या गार्डांचा पास त्याच्या हातात पडतो तेव्हा रिम (बास्केटची कडी) हाताच्या अंतरावर असते. एखादा ड्रिबल, बहुतेकदा तोही नाही. हे फार मोठं कसब आहे. पण ते चालायला ओलिंपियाकोसचा कोच बार्त्झोकास याच्या संघासारखी रचना लागते, जिथे बाकीच्यांना तो केव्हा आणि कुठून निघणार हे पाठ असतं.

सॅक्रामेंटोत सगळं फिरायचं सेंटर सबोनिसच्या हँडऑफवर (सहकाऱ्याला हातोहात बॉल देणं) आणि गार्ड फॉक्सच्या वेगावर. वेझेंकोव्हला बेंचवरून यायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, आलाच बॉल तर थ्री (रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट) मारायचा, आणि उलट दिशेला आपल्यापेक्षा चपळ विंग खेळाडू अडवायचे. त्यात दुखापतीही झाल्या. 42 सामने, सामन्यामागे बारा मिनिटांच्या आसपास, पाच-साडेपाच गुण. 2024 च्या उन्हाळ्यात त्याला टोरंटोकडे पाठवलं आणि तिथून तो ओलिंपियाकोसला परतला. परतल्यावर पुन्हा त्या संघाचा मुख्य स्कोअरर झाला. म्हणजे खेळाडू तोच, कसबही तेच. बदलली ती फक्त भूमिका.

मला राग याचा येतो की ज्यांनी त्याला पहिल्या पाचांत बसवलं होतं, तेच वर्षभराने म्हणायला लागले, "युरोलीगच फालतू." दोन्ही वेळा आकडा बघितला आणि सामना बघितलाच नाही.

माझी पद्धत सांगते. एक अख्खा सामना घ्यायचा. युरोलीगचे सामने आपल्याकडे मध्यरात्री येतात, तेव्हा रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी बघितलं तरी चालतं, पण तुकडे नकोत. बॉल कुठेही असो, नजर त्या एकाच खेळाडूवर. वहीत तीन रकाने: स्वतः काढलेली संधी, दुसऱ्याने काढून दिलेली संधी, आणि समोरच्या संघाने मुद्दाम त्याच्यावर केलेला हल्ला. तिसरा रकाना सगळ्यात बोलका. पिक अँड रोलमध्ये एक सहकारी बॉलवाल्याच्या डिफेंडरची वाट अडवतो, त्याला स्क्रीन म्हणतात. समोरचा गार्ड मुद्दाम हा ज्याला अडवतो आहे त्यालाच स्क्रीन लावायला बोलावत असेल, तर युरोपातल्या कोचांनी याची दुखरी नस ओळखली आहे असं समजा. एनबीएत तिच्यावर रोज रात्री बोट ठेवलं जाईल. हा रकाना भरायला वेळ लागतो. ज्यांना तेवढा दम नाही त्यांनी चर्चेत जरा मागे बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"तिकडे स्पर्धाच कुठे आहे?"

22 जून 2018 ची पहाट. ड्राफ्ट ब्रुकलिनमध्ये, आपल्याकडे साडेचार वाजलेले. पुण्यात एका मित्राकडे आम्ही सगळे जमलो होतो. पहिला नंबर फिनिक्सचा, त्यांनी डिआंड्रे एटन घेतला. दुसरा नंबर आमचा, आणि रेआल माद्रिदकडून खेळणारा स्लोव्हेनियाचा लुका डोंचिच अजून शिल्लक. आमच्यातला एकजण, बास्केटबॉल चांगलं खेळणारा, आधीच्या पंधरवड्यापासून एकच पालुपद लावून बसला होता: "तिशी ओलांडलेल्यांच्या लीगमध्ये एका पोराने सामन्यामागे सोळा गुण काढले, त्यात काय मोठं? अमेरिकेतल्या कॉलेजात खेळून दाखवावं." किंग्जने डोंचिचला सोडून अमेरिकेतल्या कॉलेजातला मार्विन बॅगली घेतला, त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या.

त्या "पोराने" तोवर काय केलं होतं ते बघा. सप्टेंबर 2017 मध्ये स्लोव्हेनियाबरोबर युरोबास्केटचं सुवर्ण. वाटेत पोर्झिंगिसच्या लॅटव्हियाविरुद्ध 27 गुण. त्याच उन्हाळ्यात युलचा गुडघा गेल्यामुळे माद्रिदमधली त्याची जबाबदारी वाढली, आणि त्याने ती उचलली. मे 2018 मध्ये बेलग्रेडला फेनरबाचेला 85-80 हरवून युरोलीगचं विजेतेपद, फायनल फोरचा एमव्हीपी, हंगामाचाही एमव्हीपी. ड्राफ्टच्या दोनच दिवस आधी स्पॅनिश लीगचं विजेतेपद. वय 19.

सोळा गुण हा आकडा कसा वाचायचा ते शिकून घ्या. ते सोळा गुण सुमारे 26 मिनिटांतले आहेत. सामना 48 नाही, 40 मिनिटांचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे युरोपातला कोच तरुणाला मिनिटं दान करत नाही. एनबीएत हरणाऱ्या संघाला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये वरचा पिक, म्हणजे निवडीचा वरचा नंबर, मिळण्याची आशा असते, म्हणून तिथे नवख्याला चुका करू देणं परवडतं. स्पॅनिश लीगमध्ये तळाचे दोन संघ खालच्या विभागात ढकलले जातात, आणि वरच्या क्लबांना दर आठवड्याला दोन-दोन स्पर्धांत जिंकायचं असतं. तिथे एकोणीस वर्षांचा मुलगा शेवटच्या पाच मिनिटांत बॉल हाताळतो आहे, एवढी एक गोष्ट मला पन्नास क्लिपांपेक्षा जास्त सांगते. उलटही तितकंच खरं. एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाची सरासरी चार गुण दिसली तर नाक मुरडू नका. त्या वयात युरोलीगच्या संघात नियमित आठ मिनिटं मिळणं ही साधी गोष्ट नाही.

याच प्रकरणातून निघालेली दुसरी पळवाट म्हणजे "अमेरिकनांना युरोप कळत नाही." किंग्जचा जनरल मॅनेजर तेव्हा व्लादे दिवाच होता, स्वतः सर्बियाचा. फिनिक्सचा नवा कोच इगोर कोकोश्कोव्ह, ज्याने आदल्याच वर्षी डोंचिचला घेऊन स्लोव्हेनियाला सुवर्ण जिंकून दिलं होतं. दोन्ही संघांकडे युरोप कोळून प्यायलेली माणसं होती आणि तरीही दोघांनी त्याला सोडलं. किंग्जकडे फॉक्स होता, दोघांच्या हातात बॉल कसा राहील हा प्रश्न आमच्यातही घुमत होता. एटन आणि बॅगलीची उंची आणि उडी डोळ्यांत भरणारी होती. अटलांटाने डोंचिचला तिसऱ्या नंबरवर घेऊन ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीच्या एका पिकच्या बदल्यात डॅलसला दिला. पुढच्या वर्षी डोंचिच रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा, झाला. बॅगली 2022 मध्ये डेट्रॉइटला गेला. एकोणीस वर्षांच्या खेळाडूसाठी जागा तयार करायची असते. आजच्या संघात रिकामी जागा शोधून तिच्यात कोण मावतो हे बघायचं नसतं. वेझेंकोव्ह आला तेव्हा 28 चा होता, त्याच्याबाबतीत नेमकं उलट: आधी जागा बघा, मग माणूस. हे दोन हिशेब एकत्र करणारे लोक मला दर उन्हाळ्यात भेटतात.

बाकीच्या, थोडक्यात

डार्कोचं नाव काढणं. 2003 मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या नंबरवर डार्को मिलिचिच घेतला, कार्मेलो अँथनी, बॉश आणि वेड मागे राहिले, आणि तेव्हापासून प्रत्येक युरोपीय मुलाच्या गळ्यात ते नाव बांधलं जातं. 2001 मध्ये क्वामी ब्राउन हायस्कूलमधून थेट पहिला आला आणि फसला. म्हणून दोन वर्षांनी तसाच हायस्कूलमधून आलेल्या लेब्रॉनला कोणी नको म्हटलं का?

"पुढचा डोंचिच", "पुढचा योकिच". ही विशेषणं वापरणाऱ्याचं पुढचं वाक्य मी वाचत नाही.

"युरोपातले खेळाडू मऊ असतात." दोमान्तास सबोनिस लिथुआनियाचा, स्पेनमध्ये वाढलेला, मालागाच्या क्लबकडून खेळलेला. 2022-23 मध्ये अंगठ्याचं हाड मोडलेलं असताना तो खेळत राहिला आणि त्या हंगामात एनबीएत सामन्यामागे सर्वाधिक रिबाउंड त्याचेच होते. हे बघूनही किंग्जचाच पाठीराखा हे वाक्य बोलतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

सगळा युरोप एकच समजणं. अँटेटोकुंपो 2013 मध्ये ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतल्या फिलाथ्लिटिकोसमधून आला, डोंचिच रेआल माद्रिदमधून. कुठली लीग, कुठली श्रेणी, हे आधी विचारा.

नियमांतला फरक न धरणं. युरोपात फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेचे नियम चालतात. एनबीएत डिफेंडरला कोणाला न अडवता पेंटमध्ये (रिमखालच्या रंगवलेल्या भागात) तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, फिबाच्या नियमांत हे बंधन नाही, त्यामुळे उंच सेंटर रिमखाली ठाण मांडून बसू शकतो. बॉल रिमला लागल्यावर त्याला हात मारायलाही मुभा आहे. तेव्हा युरोपात राक्षस वाटणारा सेंटर एनबीएत पेंटमधून सारखा बाहेर यावं लागल्यावर कसा हलतो, हे त्याच्या पायांवरून ओळखायला शिका. गार्डचं उलट असतं, त्याला इकडे आत घुसायला जास्त जागा मिळते.

थ्रीची टक्केवारी तोंडावर फेकणं. फिबाची रेषा 6.75 मीटरवर, एनबीएची 7.24. अर्ध्या मीटरचा फरक आहे. टक्केवारीआधी शॉट घेताना त्याचे बूट कुठे आहेत ते बघा. रेषेला चिकटून उभा राहून मारणारा आणि पाऊलभर मागून त्याच लयीत मारणारा, हे दोन वेगळे शूटर असतात. मी दर शॉटला व्हिडिओ थांबवून बघते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही.

"मग तो येत का नाही?"

ड्राफ्ट झाला की पुढच्या ऑक्टोबरात खेळाडू हजर, असं धरून चालणाऱ्यांसाठी. योकिचला डेनवरने 2014 मध्ये 41 व्या नंबरवर घेतलं. तो आणखी एक वर्ष सर्बियात मेगाकडून खेळला, त्या हंगामात अॅड्रियाटिक लीगचा एमव्हीपी झाला, आणि 2015 मध्ये आला. रिकी रुबिओ 2009 मध्ये पाचव्या नंबरवर मिनेसोटाकडे गेला, पण आधीच्या क्लबबरोबरच्या करारातून सुटायची रक्कम जबर होती. तो बार्सिलोनाला गेला आणि मिनेसोटाला 2011 पर्यंत थांबावं लागलं. एनबीए संघाला या सुटकेच्या रकमेपैकी, म्हणजे बायआउटपैकी, ठरावीक रकमेपर्यंतच सॅलरी कॅपबाहेर (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेबाहेर) पैसे देता येतात, वरचा भार खेळाडूवर पडतो. शिवाय ड्राफ्टनंतर तीन वर्षं गेली की पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू रूकीच्या ठरीव पगाराला बांधील राहत नाही. मिरोटिच 2011 मध्ये निवडला गेला आणि 2014 मध्ये शिकागोला आला, त्यामागचं गणित समजून घ्या. त्यामुळे "त्याला आपल्या संघात यायचंच नाही" असं ओरडण्याआधी तीन गोष्टी शोधा: क्लबबरोबरचा करार कधी संपतो, बायआउट किती आहे आणि त्याची मुदत कुठल्या तारखेला सरते. या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा त्या देशातल्या क्रीडा वृत्तपत्रांत मिळतात. भाषांतराला लावून वाचा, अमेरिकेतल्या अफवांची वाट बघू नका.

आणि अगदी कोवळ्या खेळाडूचे मोठे सामने मिळतच नसतील, तर फिबाच्या 18 आणि 20 वर्षांखालच्या युरोपीय स्पर्धांचे सामने यूट्यूबवर असतात. तिथे मात्र गुण मोजत बसू नका. समवयस्कांविरुद्ध सगळेच मोठे दिसतात. सलग चौथा सामना असताना, संघ पंधराने मागे असताना, तो डिफेन्सला परत धावतो की नाही, एवढंच बघा.