लिपिक म्हणून रुजू होताय? आधी सेवापुस्तक बघा

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी घरच्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पहिला पगार खात्यावर पडायला मात्र साडेतीन महिने गेले. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, मग शासनाच्या पगारबिलांच्या ऑनलाइन ‘सेवार्थ’ प्रणालीत नाव चढणं. तिथं नाव नसेल तर बिलातही नाव नाही. त्यामुळं तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीला बांधूनच रुजू व्हा.

मी राज्य शासनात लिपिक-टंकलेखक, म्हणजे सातव्या वेतन आयोगाचा स्तर एस-6, मूळ पगार 19,900. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि वाहतूक भत्ता. माझी पहिली नेमणूक डोंगराकडच्या तालुक्यात. राहायचो कोल्हापुरात, रंकाळ्याजवळ खोली करून, आणि रोज एसटीनं जायचो. घरभाड्यासाठी शासनानं गावा-शहरांचे वर्ग पाडलेत. मला वाटलं, कोल्हापूर ‘वाय’ वर्गाचं शहर, तेव्हा घरभाडं मूळ पगाराच्या 16 टक्क्यांनी मिळणार. पहिल्या पगारपत्रकात आकडा दिसला 1,800. बिल क्लार्ककडं गेलो तर ते म्हणाले, ‘भावा, तू झोपतोस कुठं ते शासन बघत नाही, नोकरी कुठं करतोस ते बघतं.’ तालुक्याला तेव्हा 8 टक्के, आणि ते 1,800 च्या खाली जात नसल्यानं मला किमान रक्कम मिळालेली. शहरात बदली झाली तशी ती 3,600 झाली. खोलीचं भाडं तेवढंच होतं!

कपातीत व्यवसाय कर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. गट विम्याची वर्गणी किरकोळ. मोठी कपात पेन्शनची. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याचे 10 टक्के आपले जातात, शासन 14 टक्के घालतं. मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आम्हीही रस्त्यावर होतो. पुढं शासनानं सुधारित पेन्शन योजनेचा पर्याय दिला. तो घ्यायचा की नाही, हे चहाच्या टपरीवर ठरवू नका. शासन निर्णय स्वतः वाचा, उरलेली सेवा मोजा, मगच सही करा.

माझी चूक इथंच झाली. प्रान क्रमांक, म्हणजे नव्या पेन्शनच्या खात्याचा नंबर आला, पगारातून कपात सुरू झाली, मी निर्धास्त. दोन वर्षांनी सहज खातेउतारा काढला तर बदलीच्या वेळचे दोन महिने त्यात नव्हतेच. पगारातून पैसे कापलेले, पण खात्यावर जमा नाहीत. जुन्या कार्यालयात सहा हेलपाटे मारले तेव्हा कुठं जमा झाले. तेव्हापासून पगारपत्रकं फाईलला लावतो आणि वर्षातून एकदा उताऱ्याशी ताडून बघतो.

आता सेवापुस्तक, म्हणजे आपल्या सगळ्या नोकरीच्या नोंदींचं कार्यालयातलं पुस्तक. पहिल्या पानावर जन्मतारीख, नाव, ओळखचिन्ह. पुढं वेतनवाढी, रजा, बदल्या. जन्मतारीख दहावीच्या दाखल्याशी ताडा. दुय्यम प्रत मागून घ्या. लग्न झाल्यावर नामनिर्देशन बदला. माझ्या एका सहकाऱ्याचं लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी वारस म्हणून आईचंच नाव होतं. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयानं, सेवेत मृत्यू आल्यास नव्या पेन्शनवाल्यांच्या घरच्यांनाही कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा झालाय. तेव्हा ही पानं कोरी ठेवू नका.

आमचे अव्वल कारकून, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, जुन्या पेन्शनीतले. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला आले, पेन्शनचं प्रकरण मुंबईला महालेखापालांकडं गेलं, आणि आक्षेप आला: पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या एका रजेची नोंद नाही. रजा मंजूर करणारे साहेब केव्हाच निवृत्त झालेले. जिल्हाभरातली पगारबिलं उलगडून दाखवणारे अण्णा स्वतःच्या सतरा दिवसांसाठी जुन्या गठ्ठ्यांत धूळ खात बसले होते.

मी आता दर जानेवारीत माझं पुस्तक मागतो. आस्थापनेतल्या मॅडम पहिल्या वर्षी हसल्या होत्या. हल्ली मी दारात दिसलो की किल्ली काढतात.