नातीसाठी बिटकॉइनमध्ये दोन शब्द

नातीच्या बारशाला मी बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या साखळीत, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, ‘सुखी राहा’ कोरलं. बिटकॉइन बनवणाऱ्या सातोशी नाकामोतोनंही २००९ च्या पहिल्याच ब्लॉकमध्ये (नोंदींच्या गठ्ठ्यात) लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकाचा ३ जानेवारीचा मथळा ठेवला होता.

तुम्हालाही असं कोरायचं तर मजकूर ८० बाइटांत (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणीचं माप) बसवा. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तीन-तीन बाइट खाते. मधली मोकळी जागा एक. ‘सुखी राहा’चे २५ झाले. तो मजकूर हेक्समध्ये (० ते ९ आणि a ते f या चिन्हांत) बदलून इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेट ॲपमधून ‘ओपी रिटर्न’ आउटपुट, म्हणजे व्यवहारातला मजकूर ठेवायचा भाग, म्हणून पाठवा, रक्कम शून्य. फी मात्र पडतेच.

आधी टेस्टनेटवर (खऱ्या पैशांविना चालणाऱ्या सरावाच्या जाळ्यावर) पाठवून हेक्स परत अक्षरांत आणून बघा; माझी पहिल्यांदा ‘खी’ची वेलांटीच राहिली होती. ब्लॉकमध्ये गेलेलं खोडता येत नाही, म्हणून बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख अजिबात घालू नका. व्यवहाराचा आयडी, म्हणजे तो शोधायचा क्रमांक, मी बारशाच्या फोटोमागे शाईनं लिहून ठेवलाय.